काळोखातला रेशीममार्ग

रेशीममार्ग म्हटला की मला शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवतो. चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंत गेलेली तांबडी रेघ आणि तिच्यावरून चाललेले उंटांचे तांडे! पण त्याच नावाची एक पेठ आपल्या डोळ्यांदेखत वसली आणि उठली. 'सिल्क रोड' तिचे नाव. २०११ च्या आरंभी ती उघडली, २०१३ च्या ऑक्टोबरात बुडाली.

तिचा कर्ता रॉस उल्ब्रिक्ट. १९८४ साली टेक्सासमध्ये जन्मलेला, पदार्थविज्ञान शिकलेला बुद्धिमान तरुण. सरकारचा हात पोचणार नाही असा बाजार उभारायचा, हे त्याचे वेड. साधने दोन मिळाली. एक 'टॉर'. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेतले. निरोपावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गुप्तलिपीची आवरणे चढवायची. वाटेवरचा प्रत्येक हरकारा एकच पापुद्रा सोलतो आणि त्याला मागचा-पुढचा मुक्काम तेवढा कळतो. दुसरे साधन २००९ साली सुरू झालेले बिटकॉइन हे नाणे. साधनांना दोष देण्यात अर्थ नाही; जुलमी राजवटीतले पत्रकारही त्याच 'टॉर'चा आसरा घेतात. इथे मात्र गांजा, कोकेन, हेरॉइन टपालाने घरपोच जाऊ लागले आणि मालक प्रत्येक सौद्यावर दलाली घेऊ लागला.

त्याने टोपणनाव घेतले 'ड्रेड पायरेट रॉबर्ट्स'. विल्यम गोल्डमनच्या १९७३ च्या कादंबरीतला हा चांचा कधी मरत नाही, कारण एक निवृत्त झाला की दुसरा तेच नाव धारण करतो. कादंबरीकार म्हणून मला ही कल्पना फार आवडते. पण माणसाला आपले खरे नाव सहजी टाकता येत नाही! बाजाराची पहिली जाहिरात ज्या नावाने झाली, त्याच नावाने उल्ब्रिक्टने अन्यत्र आपला खरा पत्ता देऊन ठेवला होता. एका कर-अधिकाऱ्याने तो साध्या शोधातून हुडकला.

१ ऑक्टोबर २०१३. सॅन फ्रान्सिस्कोतले एक सार्वजनिक वाचनालय. पाठीमागे एका जोडप्याचे भांडण जुंपले, उल्ब्रिक्टने वळून पाहिले, आणि तेवढ्यात त्याचा उघडा संगणक पळवला गेला. ते जोडपे सरकारी हेरांचे होते! पुढे कळले की तपासावर नेमलेल्या दोघा अधिकाऱ्यांनीच बिटकॉइन लाटले होते. २०१५ साली त्यांनाही तुरुंगवास झाला. कुंपणाने शेत खाल्ले ते असे.

त्याच वर्षी मे महिन्यात उल्ब्रिक्टला जन्मठेप झाली. या बाजाराशी सहा मृत्यूंचा संबंध असल्याचे सरकारपक्षाने मांडले होते. मुले गमावलेल्या आईबापांनी न्यायालयात आपले दुःख सांगितले. शिक्षा फार कडक झाली असे म्हणणारेही पुष्कळ होते. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला क्षमा केली. दरम्यान, पेठ बुडाल्यानंतर महिनाभरातच त्याच नावाची दुसरी उभी राहिली होती, आणि तिच्या चालकाने टोपणनावही तेच घेतले होते. कादंबरीतला चांचा खरा ठरला!

घेणारा राजी, देणारा राजी, मग तिसऱ्याने बोलावे कशाला, हा त्या बाजाराचा कायदा. वर्गातली हुशार पोरे हाच प्रश्न मला विचारतात. मी त्यांना त्या न्यायालयात उभ्या राहिलेल्या आईबापांची गोष्ट सांगतो. सौद्यात त्यांना कोणी विचारले नव्हते; किंमत मात्र त्यांनीच मोजली.