टेडी वेदरफोर्ड: ताजमधला पियानो आणि एकट्याचा सूर

आपल्या शेगावात पेटी सगळ्यांच्या ओळखीची. भजनात ती गाणाऱ्याच्या मागे मागे चालते. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तीच पेटी एकटी वाजवून मैफल जिंकली. साथीचं वाद्य एकटं वाजलं की काय होतं? आज तोच प्रश्न, पण पियानोबद्दल.

टेडी वेदरफोर्ड, जन्म 1903, अमेरिकेतलं व्हर्जिनिया. शिकागोत तो लुई आर्मस्ट्राँगसोबत एकाच बँडमध्ये वाजवायचा. 1926 मध्ये त्यानं आशियाची वाट धरली. आधी शांघाय, मग 1930च्या दशकात मुंबईचं ताजमहाल हॉटेल. त्या काळात अमेरिकेत काळ्या कलाकारांना अनेक ठिकाणी मागच्या दारानं आत यावं लागायचं. इथं ताजच्या मंचावर मात्र त्यांचे बँड मिरवत होते.

ताजमध्ये त्याचं काम सरळ होतं: लोकांना नाचवायचं. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांच्या गर्दीत पियानो बहुतेक वेळ ताल धरतो. पण 1937 मध्ये पॅरिसमध्ये 'स्विंग' नावाच्या लेबलसाठी त्यानं एकट्यानं पियानो रेकॉर्ड केला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यात जे सांगायचं ते सांगून टाकायचं.

तो ज्या घडणीत वाढला तिला 'स्ट्राइड' म्हणतात. डावा हात एक आणि तीनच्या मात्रेला खालचा सूर देतो, दोन आणि चारला मधल्या सुरांचा गुच्छ. म्हणजे तो हात एकटाच बास आणि ड्रम सांभाळतो. उजवा हात बोलायला मोकळा! न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लोक घरभाडं जमवायला तिकीट लावून पार्ट्या करायचे. तिथं बँड परवडत नसे, एक पियानोवाला पुरायचा. म्हणजे बघा, हा एकटेपणा आधी खिशातून आला, मनातून नाही.

मग तो मनाला का भिडतो? मला वाटतं, कारण वाद्यातच आहे. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडली त्या क्षणापासून विरायला लागतो. बँडमध्ये हे झाकलं जातं. एकट्या पियानोत प्रत्येक सूर जाताना ऐकू येतो, आणि पुढचा सूर लावायच्या आधी वाजवणारा थबकला तर तेही.

पुढच्या लोकांनी हीच जागा मोठी केली. 1958 मध्ये बिल एव्हान्सनं 'पीस पीस' वाजवलं. त्यात डावा हात त्याच दोन कॉर्डवर सहा मिनिटांहून जास्त फिरत राहतो. 1975 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात कीथ जॅरेट एका खराब, छोट्या पियानोवर आधी काही न ठरवता तासभर वाजवत राहिला. ती रेकॉर्ड जगभर लाखोंनी खपली.

वेदरफोर्डला एवढं आयुष्य मिळालं नाही. एप्रिल 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं तो गेला, वय फक्त 41. ताजमध्ये त्याच्या पियानोवर नाचणाऱ्या पायांचा आवाज कुठंच उरला नाही. त्या तीन-तीन मिनिटांत मात्र तो अजून एकटा बसून वाजवतोय.

तर आज रात्री हेडफोन लावा, त्याचं नाव शोधा आणि नुसता डावा हात ऐका. भेटू पुढच्या भागात!