पेंटरांच्या कारखान्यातली पोरं

माझ्या एका मित्राच्या मुलीला गेली दोन वर्षं शाळा नाही. सुटली नाही, सोडवली. घरीच शिकते. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरायचा किंवा ओपन स्कूलची परीक्षा द्यायची, एवढं तिच्या आई-बापाचं ठरलंय. पोरगी पंधरा वर्षांची, चुणचुणीत. सतत हाताने काहीतरी बनवत असते आणि आता ते विकायचं म्हणते. तर मित्र मला म्हणाला, "गणित मी शिकवतो, भाषा हिची आई बघते. धंदा कोण शिकवणार?"

आता हा प्रश्न त्याने मलाच का विचारावा, देव जाणे. मी पडलो नोकरदार. महिनाअखेरीला खात्यात पगार येतो आणि पाच तारखेपर्यंत हप्त्यांत जातो, एवढाच माझा अर्थव्यवहार. धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी कोल्हापूरचा आहे, आणि शाळेबाहेर शिकून कंपन्या काढलेल्या पोरांची एक गोष्ट आमच्या गावाकडे आहे. आपण ती नेहमी सिनेमाची गोष्ट म्हणून सांगतो. या वीकेंडला जरा वेगळ्या बाजूने सांगून बघतो.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला चौकात एका जुन्या कॅमेऱ्याची प्रतिकृती उभी आहे. आम्ही लहानपणापासून तिला वळसा घालून सायकली हाणल्या, पण ती तिथे का आहे हे विचारायचं सुचलं नाही. (कोल्हापूरकरांना स्वतःच्या गावाबद्दल फक्त तांबडा-पांढरा आणि रंकाळा एवढंच माहीत असतं. माझ्यासकट.) तो मान आहे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा.

बाबूरावांचं आडनाव मेस्त्री, जन्म १८९० चा. वडील कृष्णराव मेस्त्री कसबी कारागीर. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव या दोघांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. घरात हत्यारं होती, घरात काम चाललेलं असायचं, ते बघत बघत हात वळला. मग दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारखी बडी मंडळी त्यांची गिऱ्हाइकं होती. १९१० नंतरची पाच-सहा वर्षं हेच काम. 'पेंटर' हे आडनाव त्यातूनच चिकटलं.

मला वाटतं, धंद्याचं पहिलं शिक्षण इथे झालं. नाटकाचा पडदा ही फुरसतीत काढायची हौस नव्हे. नाटकाची तारीख ठरलेली, गिऱ्हाईक खवचट, माल एवढा मोठा की चूक शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसणार. आम्ही ज्याला डिलिव्हरी डेट म्हणून टेन्शन घेतो, ते या दोघांनी विशीत सांभाळलं, तेही प्रोजेक्ट मॅनेजर नावाचा प्राणी आसपास नसताना.

१९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोन्ही भावांच्या डोक्यात सिनेमा शिरला. कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आनंदरावांनी तो बनवायलाच घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट.

या ठिकाणी मी नेहमी थोडा अडखळतो. प्रोजेक्ट अर्धवट टाकून मुख्य डेव्हलपर गेला, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि मागे राहिलेला माणूस मूळचा चित्रकार. आमच्याकडे असं झालं की सरळ प्रोजेक्ट गुंडाळतात. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरलं आणि १९१८ पर्यंत कॅमेरा चालता केला. फिल्म ठरावीक अंतर सरकली पाहिजे, क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यातच झडप उघडून मिटली पाहिजे, आणि हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, न चुकता. पोलादाचा एक दात किंचित कमीजास्त झाला तर पडद्यावरचा माणूस थरथरतो. लेथवर काम केलेल्या कुणालाही विचारा हे काय प्रकरण आहे ते.

आता पैसा. कंपनी काढायला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकरांनी. एंजल इन्व्हेस्टर हा शब्द आपण आत्ता आत्ता शिकलो, पण शंभर वर्षांपूर्वी एका गाणाऱ्या बाईने ज्या धंद्याचं नावही लोकांना धड माहीत नव्हतं त्यात पैसे घातले. वर शाहू महाराजांचा आश्रय होता. महाराजांची धंद्याची समज हा खरं तर वेगळा विषय आहे. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट आठवा. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून पागेतल्या या नोकराला सवर्णांनी मारलं. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं केलं आणि धंद्याला मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायला लागले, बरोबरच्या लोकांनाही पाजायला लागले. धंदा सुरू करून देणारे पुष्कळ असतात. पहिलं गिऱ्हाईक होणारा भेटणं अवघड.

असो. मूळ मुद्दा पोरांचा.

कंपनीत कोण कोण आलं बघा. दामले पेणचे. फत्तेलाल कागलचे, बाबूरावांपेक्षा चार वर्षांनी मोठेच, हाडाचे चित्रकार. पुढे सगळे त्यांना साहेबमामा म्हणायला लागले आणि दामल्यांना दामलेमामा. आणि १९२० मध्ये आला शांताराम राजाराम वणकुद्रे नावाचा अठरा वर्षांचा पोरगा. बाबूराव पेंढारकर त्याचा मावसभाऊ, त्यानेच त्याला इथे आणलं. त्याआधी शांताराम गंधर्व नाटक मंडळीत बालनट होता, मग हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि तिथल्याच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करत होता. शाळा केव्हाच मागे पडलेली. आजच्या एखाद्या एचआरच्या टेबलावर हा बायोडेटा गेला असता तर उघडूनही बघितला नसता.

या कंपनीत अभ्यासक्रम नव्हता. झाडलोट, सामान उचलणं, पडदे रंगवणं, फिल्म धुणं, जोडणं, वेळ आली की तोंडाला रंग लावून उभं राहणं, सगळं सगळ्यांनी करायचं. शांतारामांनी 'सुरेखाहरण'मध्ये (१९२१) कृष्णाचं काम केलं आणि १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला. मधल्या सहा वर्षांत सिनेमा नावाचा माल कच्च्या रिळापासून थिएटरपर्यंत कसा जातो, ते त्यांनी प्रत्येक टप्प्यावर उभं राहून बघितलं. आम्हाला चार वर्षं इंजिनिअरिंग करून कंपनीत एकाच स्क्रीनचं एकच बटण दुरुस्त करायला मिळतं, तेव्हा मला या लोकांचा हेवा वाटतो.

पहिला सिनेमा 'सैरंध्री', १९२० च्या फेब्रुवारीत पुण्यात आर्यन थिएटरला लागला. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. फाळक्यांच्या 'हरिश्चंद्रा'त तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं. इथे गुलाबबाई आणि अनसूयाबाई या बायकांनी कामं केली, आणि त्याबद्दल समाजाकडून बहिष्कारही सोसला. तेव्हा 'पोरं' म्हणताना एवढं लक्षात ठेवायला हवं की या कारखान्यात शिकून मालक झाले ते सगळे पुरुष. बाईचा चेहरा चालला, बाईचं भांडवल चाललं, पण भागीदारीच्या कागदावर बाईचं नाव आलं नाही.

आणखी एक. "घरात किंवा कारखान्यात शिकणं किती छान" असं म्हणणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. आपल्याकडे शतकानुशतकं हेच चाललं होतं, त्याचं नाव जात. सुताराच्या पोराने सुतारकी, चांभाराच्या पोराने चांभारकी. त्यातून बाहेर पडायचा रस्ता म्हणून तर शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कंपनी उभी राहिली ती त्याच सुमारास, त्याच गावात. तिचं वेगळेपण मला यात दिसतं की ती मेस्त्र्यांच्या घरातून निघाली पण घरापुरती राहिली नाही. पेणचा ब्राह्मण, कागलचा मुसलमान, जैन बापाचा पोरगा, सगळे एकाच छपराखाली रंगाने हात बरबटून घेत होते.

आता बाबूरावांनी काय शिकवलं नाही ते. ते मनस्वी कलावंत. मनासारखं झाल्याशिवाय शॉट सोडायचा नाही, मग कितीही दिवस जावोत. 'सावकारी पाश' (१९२५) सारखा शेतकऱ्याच्या कर्जाचा सिनेमा त्या काळात काढायला हाच स्वभाव लागतो. पण वेळापत्रक आणि वही-खातं यांत त्यांचा जीव नव्हता. शिष्य दहा वर्षं हे बघत होते. गुरूचं कौतुक आणि गुरूच्या कंपनीची चिंता, दोन्ही एकदम.

१ जून १९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. यादी नीट बघा. दिग्दर्शन शांतारामांकडे, कॅमेरा धायबरांकडे, नेपथ्य फत्तेलालांकडे, यंत्रं आणि पुढे आवाज दामल्यांकडे. चौघं कसबी आणि पाचवे कुलकर्णी सराफ, म्हणजे पैशाची भाषा जन्मापासून येणारा माणूस. जुन्या कंपनीत जी खुर्ची रिकामी होती ती त्यांनी पहिल्या दिवशी भरली. तीन वर्षांच्या आत सहा मूकपट काढले.

१९३१ मध्ये 'आलम आरा' बोलला आणि मूकपटाचा धंदा बुडायला लागला. बाबूरावांना बोलपटाचं फारसं प्रेम नव्हतं. प्रभातवाल्यांनी मात्र ध्वनिमुद्रणाची यंत्रं आणली, दामल्यांनी ती शिकून घेतली आणि १९३२ च्या फेब्रुवारीत 'अयोध्येचा राजा' लागला, मराठीतही आणि हिंदीतही. तोच सेट, तेच कपडे, आणि बाजारपेठ मात्र दुप्पट.

मित्राला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हिला कुठल्यातरी कारखान्यात पाठवू?" नाही रे बाबा. फौंड्रीचं काम कायद्याने धोकादायक धरलंय, अठराच्या आत तिथे कामाला ठेवता येत नाही आणि ते बरोबरच आहे. जुन्या काळातल्या पोरांचे हात कुठे कुठे भाजले याची नोंद कुणी ठेवली नाही. कंपनीत येऊन काहीच न होता गेले त्यांचीही नाही. शिवाय १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सज्ञान झाल्याशिवाय करार करता येत नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरवला, तेव्हापासून तो नियम पक्का आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात बाकीच्या भागीदारांच्या संमतीने अज्ञान मुलाला नफ्याचा वाटा देता येतो, पण पूर्ण भागीदार करता येत नाही. म्हणजे पंधराव्या वर्षी पोरीने माल बनवावा, गिऱ्हाइकाशी बोलावं, वही लिहावी, सही आईची.

वहीवर मी जरा जास्तच जोर दिला. किती रुपयांचा कच्चा माल, किती तास, किती उधारी, हे रोज रात्री तिनेच लिहायचं, बापाने एक्सेल करून द्यायचं नाही. आणि सहा महिने एखाद्या दुकानात दुपारी बसायचं. गुजरीत बसा, लक्ष्मीपुरीत बसा, कुठेही. गिऱ्हाईक हात हलवत परत का जातं, ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. मित्राची बायको म्हणाली, "आणि मैत्रिणी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महाराष्ट्र फिल्म कंपनीत दिवसभर माणसांचा राबता होता. घरी शिकणाऱ्या पोरीला तो कुठून आणायचा? माझ्या मते या सगळ्या घरशिक्षणात सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि ते दोघंही अजून त्यावर वाद घालतायत.

प्रभातचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत असतं. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. मुंबईत वर्षभराहून जास्त चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. १९४२ मध्ये शांतारामांनी बाहेर पडून राजकमल काढली, १९४५ मध्ये दामले गेले, पन्नाशीच्या दशकात कंपनी संपली. १९६० साली त्याच आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. इकडे कोल्हापुरात बाबूराव १९५४ मध्ये वारले.

पण मला त्यातला एक किस्सा फार आवडतो आणि तो कमी सांगितला जातो. १९३३ मध्ये प्रभातने गुरूचाच पहिला विषय, 'सैरंध्री', पुन्हा काढला, तोही रंगीत. त्यासाठी रंगाची प्रक्रिया करायला फिल्म जर्मनीला नेली. रंग नीट उतरलेच नाहीत. एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि सिनेमा पडला. पाच जणांनी तो तोटा वहीत लिहिला आणि पुढचं काम हातात घेतलं, काळं-पांढरं. १९३४ चा तो 'अमृतमंथन'. तो चालला.