शेजारच्या गल्लीशी न खेळताच जगज्जेते

ऑगस्ट 2023. बुडापेस्टच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तीन सुवर्णपदकं जिंकणारा अमेरिकन धावपटू नोआ लाइल्स पत्रकारांशी बोलता बोलता एनबीएवर घसरला. घरचीच लीग जिंकून हे लोक स्वतःला जगज्जेते कसे म्हणवतात, असा त्याचा सवाल. केव्हिन ड्युरंटसकट बऱ्याच बास्केटबॉलपटूंनी त्याची टर उडवली. मी लाइल्सच्या बाजूने आहे. एनबीएचे संघ कमी पडतात असं मात्र मी म्हणत नाही.

1950 सालचंच बघा ना. जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सनी एनबीए जिंकली. त्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये पहिली जागतिक बास्केटबॉल स्पर्धा झाली. तिथे अमेरिकेतर्फे कोण उतरलं? डेन्व्हर शेव्हरोलेज नावाचा हौशी संघ! अर्जेंटिनाने त्यांना 64-50 असं हरवलं. लेकर्स असते तर अर्जेंटिनाची धूळधाण उडाली असती, याबद्दल मला फारशी शंका नाही. पण ते खेळले नाहीत, आणि त्यांना खेळता येणारही नव्हतं. एनबीएच्या व्यावसायिक खेळाडूंना ‘फिबा’ने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, दार उघडलं ते थेट 1989 मध्ये. तोवर लीगचे विजेते जगज्जेतेपद मिरवत राहिले आणि ते तपासून बघायची सोयच नव्हती.

क्वचित कधी गाठ पडायची. 1978 मध्ये नुकतेच एनबीए विजेते झालेले वॉशिंग्टन बुलेट्स तेल अवीवला गेले आणि मकाबी क्लबकडून 98-97 असे हरले. सामना प्रदर्शनीय होता, म्हणून विषय मिटला. पुढे 1987 ते 1999 या काळात मॅकडोनाल्ड्सच्या नावाने एक छोटी स्पर्धा चालली. 1995 पासून तिच्यात एनबीएचा विजेता संघ युरोपच्या क्लबांशी भिडायचा. एनबीएचे संघ तिथे एकदाही हरले नाहीत. माझ्या मते ‘जगज्जेते’ हा शब्द त्यांनी खऱ्या अर्थाने कमावला तो तिथेच, आणि नेमकी तीच स्पर्धा बंद पडली. (आपल्याकडची चॅम्पियन्स लीग टी-20 सुद्धा 2014 नंतर गुंडाळली गेली. पण आयपीएल जिंकली म्हणून मुंबई इंडियन्सला जगज्जेते म्हणायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.)

एनबीएवाल्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. जगातले उत्तम खेळाडू तर आमच्याचकडे येतात! खरंय. 2019 ते 2025 या काळात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला एकही जण अमेरिकेत जन्मलेला नाही. यानिस ग्रीसचा, योकिच सर्बियाचा. पण खेळाडू आले, म्हणून संघ आले असं होत नाही. लीगचे तीस संघ ठरलेले, त्यातले एकोणतीस अमेरिकेचे. माद्रिद किंवा बेलग्रेडच्या क्लबने कितीही जीव काढला, तरी त्या करंडकापर्यंत पोचायची वाटच नाही.

तिसावा संघ कॅनडाचा, टोरांटो रॅप्टर्स. जून 2019 मध्ये त्यांनी लीग जिंकली, तेव्हा त्यांच्यात स्पेनचा मार्क गासोल होता. सप्टेंबरमध्ये तोच गासोल स्पेनकडून चीनमध्ये विश्वचषक खेळला. 32 देश होते. एनबीएचे खेळाडू घेऊन आलेली अमेरिका सातवी आली. स्पेनने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला हरवलं. एकाच वर्षात दोन्ही किताब मिळवलेल्या या माणसाबद्दल मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन की तो जगज्जेता झाला सप्टेंबरमध्ये.