ॲम्प्लिफायरची वीजतार, मोटारीतील
मोटारीच्या बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी जाड, बहुपदरी तार. तिची जाडी दाखवणारी अमेरिकी गेज पद्धत १८५७ मध्ये ब्राउन अँड शार्प यांच्याकडून आली. क्रमांक लहान, तितकी तार जाड (→ तारमापन).

५०० वॉटचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा ॲम्प्लिफायर १२.५ व्होल्टवर ५० अँपिअर खेचतो. डिकीपर्यंतच्या ५ मीटरमध्ये ८ गेजच्या तांब्याच्या तारेत सुमारे अर्धा व्होल्ट वाया जातो, ४ गेजमध्ये ०.२ (→ ओमचा नियम). त्यामुळे ४ गेजच योग्य.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण रोध जास्त. ती आणखी जाड घ्यावी लागते. अर्थिंगची तारही तेवढीच जाड हवी आणि तिचे टोक रंग खरवडलेल्या, चकचकीत पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळलेले. फ्यूज बॅटरीलगतच बसवतात. म्हणजे तार कुठे घासून उघडी पडली, तरी आग टळते (→ फ्यूज).