अज्ञात क्षाराची पुडी

हैदराबादच्या इतिहासात सुलतान बाजार या वस्तीचे स्थान काहीसे निराळे आहे. १९३३ पर्यंत हा भाग ब्रिटिश रेसिडेंटाच्या अखत्यारीत होता. त्या वर्षी तो निजाम सरकारकडे परत आला आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. ज्या भव्य वास्तूतून रेसिडेंट संस्थानच्या कारभारावर नजर ठेवीत असे, तेथे १९४९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. जेथे एकेकाळी वरून आलेला शब्द प्रमाण मानला जाई, तेथे शास्त्राच्या विद्यार्थिनी येऊ लागल्या. आणि शास्त्रात तर कोणाचाही शब्द परीक्षेवाचून प्रमाण नसतो. रसायनशास्त्र कानांनी नव्हे, हातांनी शिकावयाचे असते, हा विचार या शहरापर्यंत कसा पोहोचला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातही बहुतेक ठिकाणी अध्यापक मेजामागे उभे राहून प्रयोग करीत आणि विद्यार्थी बाकावर बसून ते पाहत. १८२४ मध्ये युस्टुस लीबिग हा एकवीस वर्षांचा तरुण जर्मनीतील गीसेन येथे अध्यापक झाला. सैनिकांच्या एका जुन्या चौकीत त्याने प्रयोगशाळा थाटली आणि विद्यार्थ्यांच्या हाती पदार्थ देऊन, त्यात काय आहे ते त्यांनाच शोधावयास लावले. अशी शिकवण पूर्वी अन्यत्र मुळीच नव्हती असे नाही. परंतु ती जगभर पसरली ती मुख्यतः गीसेनहून. पुढे १८४१ मध्ये फ्रेझेनियस याने गुणात्मक विश्लेषणाचे पुस्तक लिहून या शोधाला शिस्तशीर क्रम दिला.

हा क्रम मोठा सुबोध आहे. क्षाराच्या द्रावणात प्रथम हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की चांदी व शिसे पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसतात. शिशाचा साका उकळत्या पाण्यात विरघळतो, चांदीचा विरघळत नाही. एवढ्यावरून दोघांची ओळख पटते. त्यानंतर आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला की तांबे काळ्या रंगाने व कॅडमियम पिवळ्या रंगाने प्रकट होते. अशा रीतीने एकेक गट बाजूला काढीत शेवटी सोडियम व पोटॅशियम यांच्यापर्यंत यावयाचे.

लीबिगचा शिष्य लायन प्लेफेअर १८५८ मध्ये एडिंबरो विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्यानंतर १८६९ मध्ये क्रम ब्राउन यांनी ते पद घेतले, आणि त्यांच्याच काळात अघोरनाथ चट्टोपाध्याय तेथे शिकले. डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १८७८ च्या सुमारास ते हैदराबादेस आले आणि हैदराबाद कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे याच संस्थेतून निजाम कॉलेज उभे राहिले. सरोजिनी नायडू या त्यांच्या कन्या. या थोर रसायनज्ञाला किमयेचाही नाद होता, ही गोष्ट मोठी विलक्षण आहे. सोने निर्माण करण्याची जुनी आशा आणि पदार्थात काय आहे तेवढेच सांगणारी नवी विद्या, ही दोन्ही त्यांच्या एकाच घरात नांदत होती!

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि शास्त्रेही उर्दूतून शिकविण्याचा धाडसी उपक्रम सुरू झाला. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथे इंग्रजी माध्यम आले. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतून येणारा विद्यार्थी घरी मराठी बोले आणि वर्गात ॲसिडला ‘तुर्शा’ म्हणे. गंमत अशी, की मराठीतील आम्ल, उर्दूतील तुर्शा आणि लॅटिनवरून आलेला ॲसिड हे तिन्ही शब्द आंबटपणाचेच वाचक आहेत. भाषा कोणतीही असो, कॅडमियमचा साका पिवळाच पडतो.

आज यंत्रे काही मिनिटांत धातूंचे प्रमाण सांगतात. शिवाय हायड्रोजन सल्फाइड विषारी वायू आहे. मग विद्यार्थ्यांच्या हाती अज्ञात क्षाराची पुडी देण्याचा खटाटोप हवा कशाला, असा प्रश्न साहजिकच येतो. वायूची भीती दूर करण्यास द्रव्याचे प्रमाण कमी करणे व हवा खेळती ठेवणे हे उपाय आहेत. खरा धोका निराळाच आहे. पुडीतील क्षाराचे नाव आधीच समजले आणि वहीत निरीक्षणे मागाहून भरली, तर गुण पूर्ण मिळतात. विद्या मात्र मिळत नाही.

येथे कॅडमियमचेच उदाहरण पाहावे. द्रावणात आम्ल फार तीव्र राहिले तर कॅडमियमचा साका पडतच नाही, आणि विद्यार्थी ‘कॅडमियम नाही’ असे लिहून मोकळा होतो. आम्ल फार सौम्य झाले तर पुढच्या गटातील जस्त आधीच खाली बसते. म्हणजे जे दिसले नाही ते नव्हतेच, असे म्हणण्यापूर्वी ते दिसण्याजोगी स्थिती होती काय, हे तपासावे लागते. हा धडा ऐकून कळत नाही. एकदा चुकून, द्रावण पातळ करून, पिवळा साका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच तो अंगी बाणतो.

रेसिडेन्सीच्या त्या महाविद्यालयाचे २०२२ मध्ये महिला विद्यापीठ झाले आणि २०२४ मध्ये त्याला वीरनारी चाकली ऐलम्मा यांचे नाव मिळाले. नावे बदलतात, माध्यमे बदलतात, उपकरणेही बदलतील. नळीत जे दिसले तेच वहीत लिहावे, एवढा एक नियम मात्र गीसेनपासून सुलतान बाजारापर्यंत बदललेला नाही. तो पाळणारा विद्यार्थी पुढे रसायनज्ञ होवो वा न होवो, समाजाला त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवता येतो.