व्होल्गाकाठचा पराभव आणि जुन्नरचा घोडा

फुटबॉलचे वेड मला भिंगारने लावले. छावणीला खेटून वाढलेले आम्ही पोरे. शाळा सुटली की दप्तरासकट मैदानाच्या कडेला बसून जवानांचा खेळ पाहायचा, हा आमचा नित्यनेम. पुढे इतिहासाचा मास्तर झालो, तरी ते वेड काही सुटले नाही. म्हणून 2018 च्या जूनमध्ये भाच्याने विश्वचषकाची दोन तिकिटे काढली, तेव्हा माझे वय मध्ये आले नाही. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “एवढ्या लांब जाऊन दुसऱ्यांचाच खेळ बघायचा ना?”

सामना होता निझ्नी नोवगोरोदला, अर्जेंटिना विरुद्ध क्रोएशिया. तिकीट असले की व्हिसाही नको आणि मॉस्कोहून आगगाडीचे भाडेही नको, अशी त्या महिन्यापुरती चैन होती. चार तासांत पोहोचलो. आणि गाव पाहताच मला खेळाचा विसर पडला, हे भाच्याला आजवर सांगितलेले नाही!

ओका आणि व्होल्गा या दोन नद्या इथे मिळतात. आमच्या टोक्याला प्रवरा-गोदावरीचा संगम पाहिलेल्या माणसाला अशा जागी हात आपोआप जोडावेसे वाटतात. संगमाच्या टोकावर नवे क्रीडांगण, शेजारी पिवळे देऊळ, आणि समोरच्या उंच काठावर लाल विटांचा किल्ला. गाव 1221 साली वसले. आजचा तट सोळाव्या शतकाच्या आरंभीचा. तेरा बुरूज, सुमारे दोन किलोमीटरचा वेढा. आमच्या भुईकोटाच्या तटाला 1596 मध्ये मोगलांनी खिंडार पाडले आणि चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतले. त्यानंतर पंधरा वर्षांनी या गावच्या मिनीन नावाच्या मांसविक्याने लोकांपुढे झोळी पसरून फौज उभी केली आणि 1612 मध्ये मॉस्को सोडवले. किल्ल्यात आता दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे मांडून ठेवले आहेत. नगरच्या माणसाला रणगाड्याचे नवल ते काय? तरी मी दोन प्रदक्षिणा घातल्या.

गोर्की इथलाच. 1932 ते 1990 गावाला नावही त्याचेच होते. अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये रशियाला गेले, तेव्हा हे गाव परदेशी माणसाला बंदच होते. नाव बदलते, गाव राहते; आमचेही 2024 मध्ये बदलले, पण पत्ता सांगताना माझी जीभ अजून ‘नगर’वरच अडखळते. असो.

रात्री सामना झाला. मेस्सीचा संघ तीन गोलांनी हरला. पहिला गोल तर गोलरक्षकाने जवळजवळ हाताने वाढून दिला. भाचा निळ्या-पांढऱ्या सदऱ्यात नदीकाठी बसला तो बोलेचना. उन्हाळ्यातली उत्तरेची रात्र. मध्यरात्र झाली तरी आकाश पुरते काळे होत नव्हते. पोराचे मन रिझवायला मास्तराजवळ दुसरे काय असणार? मी गोष्ट सुरू केली.

“याच घाटावर पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी त्वेरचा एक व्यापारी दोन आठवडे थांबला होता. अफनासी निकीतिन. शिर्वानचा वकील नव्वद ससाणे घेऊन परतणार होता, त्याची सोबत हवी म्हणून. पुढे आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मग बाकू, इराण, होर्मुझ करीत बापडा एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला आला.”

“आपल्या जुन्नरला?” भाच्याने मान वर केली.

“आपल्याच. नगर वसायला अजून अवकाश होता. ज्या मलिक अहमदने 1490 मध्ये नगर वसवले, तोही आधी जुन्नरलाच होता. निकीतिनने तिथला पाऊस, चिखल, खडकावरचा किल्ला, सगळे टिपून ठेवले आहे. घोड्यांना हरभरे आणि साखर-तुपाची खिचडी घालतात, हेसुद्धा! पण तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. शंभर रुबल खर्चून आणलेला घोडा. खान म्हणाला, आमचा धर्म घे, घोडाही देतो नि वर हजार मोहरा. नाहीतर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंडही. मुदत चार दिवसांची.”

“मग?”

“मग खोरासानचा एक ख्वाजा महंमद आला. तोही परकाच, मुसलमान. त्याने खानापुढे रदबदली केली. घोडा परत मिळाला, धर्मही राहिला.”

मुलुखात नवख्या माणसाचा घोडा आपल्या बाजूला अडवला गेला, आणि त्याच्या मुलुखात आज मला फुकट आगगाडी! सांगताना जरा ओशाळल्यासारखे झाले खरे.

“घरी पोहोचला का तो, मामा?”

हे विचारू नये असे मला वाटत होते. “नाही रे. स्मोलेन्स्कच्या अलीकडे, वाटेतच गेला. टिपणवह्या तेवढ्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवल्या.”

भाचा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने फोन काढला. नगरला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले असतील. पहिल्याच घंटेला पलीकडून आवाज आला. माझी बहीण जागीच होती.

“आई, हरलो गं,” तो म्हणाला. “शनिवारी निघतोय.”