युद्धाची कॉमिक्स आणि चौकटीबाहेरचे शिपाई

दुसऱ्या महायुद्धाशी आपल्याकडील अनेकांची पहिली ओळख शाळेच्या पुस्तकातून झाली नाही. ती झाली खिशात मावणाऱ्या, स्वस्त कागदावरच्या इंग्रजी चित्रकथांतून. 1958 मध्ये लंडनमध्ये ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ सुरू झाली आणि 1961 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी शहरातून डी. सी. थॉमसन कंपनीने ‘कमांडो’ काढले. रंगीत मुखपृष्ठ, आत काळीपांढरी चित्रे आणि एका अंकात एक पूर्ण कथा असा हा प्रकार होता. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने आणि रद्दीवाले यांच्यामार्फत हे अंक आपल्या शहरांतल्या मुलांच्या हाती आले. आज जुने अंक जपून ठेवणारे संग्राहक आहेत आणि निवडक कथांच्या नव्या आवृत्त्याही निघत आहेत. म्हणून ते पुन्हा, जरा सावकाश वाचायला हवेत.

सावकाश वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती चित्रांची ताकद. त्या काळी चित्रकारांची नावे छापत नसत. त्यांत अनेक जण इटली, स्पेन आणि अर्जेंटिनाचे होते. पुढे जगभर नावाजलेला ह्यूगो प्राट हा इटालियन चित्रकार त्यांपैकीच एक. त्याचे वडील इथिओपियात इटलीच्या वसाहती फौजेत होते आणि ब्रिटिशांच्या कैदेत त्यांचा मृत्यू झाला. त्याच मुलाने 1960 च्या आसपास ब्रिटिश वाचकांसाठी ब्रिटिश शूरवीर रेखाटले! पोटापाण्याचा व्यवसाय माणसाला कुठे नेऊन बसवतो, याचा हा नमुना आहे.

प्राटचे बालपण ज्या पूर्व आफ्रिकेत गेले, तिथे 1941 साली इटलीची सत्ता मोडण्यात चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनचा मोठा वाटा होता. इरिट्रियातील केरेनच्या डोंगरात झालेल्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची पलटणही होती. पण कॉमिक्समधला नायक बहुतेक वेळा ब्रिटिश सार्जंट नाहीतर तरुण अधिकारी असतो. जर्मन ओरडतो, जपानी किंचाळतो, अधूनमधून खुकरी घेतलेला गुरखा दिसतो. बाकी हिंदी शिपाई दिसलाच तर मागच्या रांगेत.

प्रत्यक्षात त्या युद्धात सुमारे 25 लाख हिंदी शिपाई होते आणि त्यांतले सुमारे 87 हजार परत आले नाहीत. त्यांत शीख होते, मराठे होते, जाट होते, मद्रासी होते. आणि पंजाबी मुसलमानांची संख्या तर फार मोठी होती. खुद्द मराठा पलटणींचा इतिहास पाहिला, तर पहिल्या महायुद्धाआधी त्यांच्यात दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. ही गोष्ट आज महाराष्ट्रात कितीजणांना ठाऊक आहे?

एका दिवसाची हकिगत सांगतो. तारीख 9 एप्रिल 1945, ठिकाण उत्तर इटलीतील सेनिओ नदी. पलीकडच्या बांधावर जर्मन मशिनगन होत्या. आठव्या भारतीय डिव्हिजनने नदी ओलांडायला सुरुवात केली. फ्रंटियर फोर्स रायफल्सचा कोहाटचा शिपाई अली हैदर आणि त्याचे दोन साथीदार, एवढेच त्यांच्या प्लाटूनमधून पलीकडे पोहोचले. साथीदारांनी गोळीबाराचा आधार दिला आणि अली हैदरने एकट्याने पहिले ठाणे मोडले. तो जखमी झाला, तरी सरपटत दुसऱ्या ठाण्यापर्यंत गेला आणि तेही घेतले. त्याच दिवशी, त्याच नदीवर, मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई नामदेव जाधव याने दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग परत जाऊन त्याने तीन मशिनगन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव अहमदनगर जिल्ह्याचा. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि अली हैदरचे गाव पाकिस्तानात गेले. एका नदीवर, एका डिव्हिजनमध्ये लढलेली ही दोन माणसे दोन देशांच्या वेगवेगळ्या इतिहासांत विभागली गेली.

कॉमिक्स हे माध्यमच उथळ, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. अमेरिकेत हार्वी कर्ट्झमनने कोरियन युद्ध चालू असतानाच युद्धाचा सोस उतरवणाऱ्या कथा काढल्या. ब्रिटनमध्ये 1979 पासून पॅट मिल्स आणि जो कोल्हून यांनी ‘चार्लीज वॉर’मध्ये पहिले महायुद्ध सोळा वर्षांच्या गरीब पोराच्या नजरेतून दाखवले. खंदकातला चिखल आणि साहेबांचा बेफिकीरपणा त्यात आहे. म्हणजे खरे सांगणे याही माध्यमाला जमत होते. प्रश्न होता, कुणाचे खरे सांगायचे हा.

जुनी कॉमिक्स फेकून देऊ नयेत. मुलांना आवडीने वाचू द्यावीत. फक्त सोबत सेनिओ नदीची गोष्टही सांगावी. ती सांगताना अली हैदर वगळून नामदेव सांगू नये आणि नामदेव वगळून अली हैदर सांगू नये. साहेबाने आपल्याला मागच्या रांगेत ठेवले, ही तक्रार रास्तच आहे; पण ती करणाऱ्यांनी आपल्याच सोबत्याला चौकटीबाहेर ढकलले, तर त्या तक्रारीला काय अर्थ उरतो?